हरल्याचं कारण सापडेल असा खेळ

पुणे, एप्रिल

ती. स्व. मंदाआत्यास,


परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस. लॅपटॉप घरात आलाय, तर त्यावर खेळण्यासारखं काय आहे, हा पहिला. आणि मे महिन्यात नातू ईशान बंगळुरूहून तुझ्याकडे सांगलीला राहायला येणार, त्याला दिवसभर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसू द्यायचं नाही तर करायचं काय, हा दुसरा. दोन्हींचं उत्तर एकाच पत्रात देते, कारण मला ते एकच वाटतं. पत्र जरा लांबेल. तुझ्या भिशीतल्या मैत्रिणींनाही वाचून दाखव, त्यांच्याकडेही सुट्टीत नातवंडं येतातच.

मला सांगायचं आहे ते एवढंच: ज्या खेळात हरल्यावर ‘का हरलो’ हे शोधता येतं, तो खेळ आपला. मग तो पत्त्यांचा असो, संगणकावरचा असो, नाहीतर अभ्यासासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर असो. कारण सापडलं की पुढचा डाव वेगळा खेळावासा वाटतो आणि खेळ रंगत जातो. जिथे ते सापडत नाही, किंवा सापडू नये अशीच व्यवस्था केलेली असते, तिथे माणूस तासन् तास नुसती बोटं चालवत राहतो. पुढे जे जे सुचवते आहे ते मी या कसोटीवर घासून घेतलं आहे.

सुरुवात पत्त्यांपासून करू, कारण त्यात तू पक्की आहेस. ईशान नऊ वर्षांचा. त्याला आधी बदाम सात शिकव. नियम पाच मिनिटांत कळतात, आणि हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही हे दोन-तीन डावांत लक्षात येतं. डाव संपला की त्याच्या हातात कोणती पानं उरली ती उलटून दोघांनी बघा. बहुतेक वेळा एक्का, दुर्री, राणी, राजा अशी टोकाची पानं उरलेली असतात. ती का उरली? कारण त्या रंगात मधलं एक पान कुणीतरी दाबून ठेवलं होतं, किंवा त्यानं स्वतःच आपल्या रंगाची वाट मोकळी करायला उशीर केला. खेळायला दुसरं पान असेल तर आपली सत्ती लगेच टाकायची नाही, ही युक्ती त्याला सांगू नकोस. उरलेली पानं बघून ती त्याला आपोआप सुचू दे. स्वतः शोधलेली युक्ती मुलं विसरत नाहीत.

मग तिसरा भिडू मिळाला की पाच-तीन-दोन. माझ्या मते तीन जणांसाठी इतका नेटका खेळ दुसरा नाही. पानं तीसच: चारही रंगांच्या अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस, आणि बदाम व इस्पिक या दोन सत्त्या. म्हणजे बदाम किंवा इस्पिक हुकूम असेल तर हुकमाची पानं आठ, आणि चौकट किंवा किलवर असेल तर सात. मुलांना पानं मोजायला शिकवायचं असेल तर सगळे रंग एकदम लक्षात ठेवायला लावू नये, नुसता हुकूम मोजायला सांगावा. समज, बदाम हुकूम आहे आणि ईशानच्या दहा पानांत तीन बदाम आहेत. बाहेर राहिले पाच. पहिल्या तीन हातांत बाहेरचे चार बदाम पडून गेले, तर आता बाहेर एकच आहे. तो कुणाकडे असेल? ज्यानं मघाशी चौकटची उतारी हुकमानं न मारता साधं पान टाकून सोडून दिली, त्याच्याकडे तर नसणार! नऊ वर्षांचं मूल हा तर्क करू लागलं की त्याच्या चेहऱ्यावर काय येतं, ते तू बघच.

याच खेळात उधारीची सोय आहे. ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात कमी पडलेल्याचं पान न बघता ओढतो आणि आपल्याला नको असलेलं पान त्याला देतो. त्यामुळे एका डावातली चूक पुढच्या डावात हातात येते, आणि मुलाला ती विसरता येत नाही. आई-वडील ईशानला घ्यायला आले की चौघांत मेंढीकोट लावा. तिथे भिडूवर भरवसा ठेवावा लागतो, दश्शी कधी टाकायची आणि कधी जपायची हे समोरच्याच्या खेळावरून ओळखावं लागतं. मात्र डाव संपल्यावर भिडूला दोष देणारा रडीचा डाव पहिल्या दिवसापासून बंद. प्रत्येकानं आपण काय वेगळं करू शकलो असतो एवढंच बोलायचं, आणि सुरुवात तू कर. आजी स्वतःची चुकलेली उतारी मोकळेपणानं सांगते हे दिसलं की त्यालाही सांगायला लाज वाटणार नाही.

पिसण्याकडेही लक्ष दे. मेंढीकोटमध्ये हात गोळा करताना एका रंगाची चार-चार पानं एकत्र पडतात. वरवर पिसून वाटलं तर ती तशीच जुडग्यांनी येतात, आणि मग हरणारा वाटणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. डेव्ह बेअर आणि पर्सी डायकॉनिस या दोन गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवून दिलं की कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत सोडत पिसली, तर बावन्न पानं नीट मिसळायला असं सुमारे सात वेळा पिसावं लागतं. ईशानला सात वेळा पिसायचं काम दे. हातालाही वळण लागेल.

आता तुझ्या लॅपटॉपकडे येते. पत्ते खेळणाऱ्या माणसानं संगणकाशी ओळख पत्त्यांच्याच खेळातून करून घ्यावी, हे मी मुद्दाम सांगते आहे. 1990 मध्ये विंडोज 3.0 बरोबर सॉलिटेअर घरोघर आला आणि माउसनं पान उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची सवय लोकांना त्यातूनच लागली. तुलाही लागेल. फक्त लॅपटॉपच्या सपाट पट्टीवर बोट घासत बसू नकोस, वेगळा माउस घे, आणि पानं मोठी दिसतील अशी मांडणी करून घे. डोळ्यांना त्रास झाला की खेळातलं लक्ष उडतं.

सॉलिटेअरचा नेहमीचा प्रकार, ज्याला आपण पेशन्स म्हणतो, त्यात एक अडचण आहे. बरीच पानं पालथी असतात, त्यामुळे अडलो ते आपल्या चुकीनं की पानांमुळे, हे कळायला मार्ग नसतो. तीन-तीन पानं उचलायच्या प्रकारात सगळी पानं आधीपासून दिसत असती, तरीही साधारण 82 टक्केच डाव सुटले असते, असं गणित मांडून दाखवलेलं आहे. म्हणून तुला माझी शिफारस फ्रीसेलची.

फ्रीसेलमध्ये बावन्नच्या बावन्न पानं सुरुवातीलाच उघडी असतात. आठ रांगा, पहिल्या चारांत सात-सात पानं, उरलेल्या चारांत सहा-सहा. वर एका बाजूला चार रिकामी घरं, जिथे एकेक पान तात्पुरतं ठेवता येतं. दुसऱ्या बाजूला चार रंगांच्या चार जागा, तिथे एक्क्यापासून राजापर्यंत क्रमानं चढवत जायचं. रांगेत काळ्यावर लाल, लालवर काळं, उतरत्या क्रमानं. बस्स. पॉल अल्फिल या विद्यार्थ्यानं 1978 मध्ये हा खेळ संगणकावर आणला, तोही इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षणासाठी बांधलेल्या यंत्रणेवर. एका जुन्या खेळात एकाच रंगाची पानं एकमेकांवर लावायची असत. त्यानं तिथे लाल-काळ्याची आलटापालट आणली, आणि जवळजवळ प्रत्येक डाव सुटण्याजोगा झाला.

किती डाव सुटतात हेसुद्धा लोकांनी तपासून पाहिलं आहे. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये 32,000 क्रमांकित डाव होते. 1994-95 मध्ये शंभराहून अधिक हौशी खेळाडूंनी ते आपापसांत वाटून घेतले आणि सोडवले. शेवटी एकच सुटेना: क्रमांक 11982. तो सुटत नाही हे पुढे संगणकानंही पक्कं केलं. त्या 32,000 डावांपैकी बाकी कुठल्याही डावात आपण अडकलो, तर वाट होती आणि आपल्याला ती दिसली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला हा फार मोठा दिलासा वाटतो.

आता खेळायचं कसं ते सांगते. पहिलं पान हलवण्याआधी एक मिनिट नुसतं बघ. चार एक्के आणि चार दुर्र्या कुठे आहेत? एखादा एक्का रांगेच्या अगदी तळाशी गाडला गेला असेल, तर ती रांग आधी मोकळी करायची. रिकाम्या घरांत पान ठेवण्याचा मोह आवर. चारही घरं मोकळी असतील तर एका वेळी पाच पानांची माळ हलवता येते. तीन घरं भरली असतील तर दोनच. आणि एक आख्खी रांग रिकामी करता आली तर ही संख्या दुप्पट होते, म्हणजे चारही घरं मोकळी असताना दहा. त्यामुळे रिकामी रांग ही रिकाम्या घरापेक्षा मोलाची, तिथे घाईनं राजा नेऊन बसवायचा नाही. अडकलीस की डाव टाकून नवा घेऊ नकोस. चाल मागे घेण्याची सोय असते, ती वापरून पाच-सहा चाली मागे जा आणि जिथे दोन वाटा होत्या तिथे दुसरी धर. खेळातला खरा रस या मागे जाऊन बघण्यात आहे. विंडोजबरोबर मिळणाऱ्या सॉलिटेअर कलेक्शनमध्ये फ्रीसेल आहे, पण मध्येमध्ये जाहिराती येतात. त्या येऊ लागल्या तर मला सांग, बिनजाहिरातीचा बसवून देईन.

ईशानच्या संगणकी खेळांचं काय? तो माइनक्राफ्ट मागेल. मागू दे, तो चांगला खेळ आहे. त्यात ठोकळ्यांच्या जगात झाडं तोडायची, दगड खणायचे, घर बांधायचं. अंधार पडला की राक्षस निघतात. पहिल्या रात्री घराबाहेर राहिलं की मरण बहुतेक ठरलेलं, आणि का मेलो हे मुलाला लगेच कळतं: दिवसभर हिंडत बसलो, छप्पर केलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आधी लाकूड गोळा करतो. या खेळातली एक दिवस-रात्र आपल्या घड्याळातल्या वीस मिनिटांत होते. तेव्हा ‘चाळीस मिनिटांत बंद कर’ असं सांगण्यापेक्षा ‘दोन दिवस खेळ, तिसरी सकाळ उजाडली की बंद’ असं ठरवा. मुलांना खेळ मध्येच तोडला की राग येतो. डाव पुरा झाल्यावर उठायचं असेल तर येत नाही. तू पहिले दोन-तीन दिवस शेजारी बसून नुसतं विचारत राहा: हे कशाला? आता काय करणार? समजावून सांगताना त्याचं त्यालाच कळत जाईल.

थोडा मोठा झाला की त्याला ‘राजी’ दाखवेन. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं केलेला हा खेळ 2020 मध्ये आला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी त्याची नायिका आहे, आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. आपल्या पुराणकथा आणि आपली चित्रकला घेऊन जगभर विकला जाईल असा खेळ आपल्या शहरात होतो, हे त्याला कळायला हवं.

ज्यांच्यापासून दूर राहायचं ते खेळ ओळखणं सोपं आहे. ‘चार तासांनी परत या, नाहीतर पैसे भरा’ असं म्हणणारे. हरल्यावर पुढे जायला नवं ‘जीवन’ विकत घ्यायला लावणारे. बंद पेटी विकणारे, ज्यात काय निघेल ते नशिबावर. या सगळ्यांत हरण्याचं कारण खेळात नसतं, विकणाऱ्याच्या हिशेबात असतं. मोबाईलवर तुझं कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं असेल तर खरेदीला पासवर्ड लावून ठेव.

अभ्यासाच्या सॉफ्टवेअरबद्दलही हीच कसोटी. पडद्यावर प्रश्न, खाली चार पर्याय, बरोबर आलं की टाळ्या आणि तारे, चूक आलं की पुढचा प्रश्न: ही परीक्षाच झाली. चुकल्यावर ‘असं केलं तर काय होईल?’ हे करून बघता येतं का, ते पाहा. मला पटलेली तीन नावं सांगते, तिन्ही फुकट आहेत.

पहिलं जीकॉम्प्री. 2000 मध्ये फ्रान्समधल्या ब्रुनो कुदुआँ यांनी सुरू केलेला हा छोट्या-छोट्या खेळांचा संग्रह आहे. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी शंभरावर खेळ, जाहिरात नाही, एकदा घातलं की इंटरनेटही लागत नाही. त्यात कालव्याच्या झडपा उघडून-मिटून होडी वरच्या पाण्यात चढवायचा एक खेळ आहे. चुकीची झडप आधी उघडली की होडी जागची हलत नाही, आणि पाण्याची पातळी बघितली की का ते समजतं.

दुसरं स्टेलॅरियम, म्हणजे घरातलं तारांगण. रात्री गच्चीवर जाण्याआधी सांगली हे ठिकाण घालून आज आकाशात काय दिसेल ते बघा, आणि मग वर जाऊन खरं आकाश ताडून पाहा. एक प्रयोग जरूर करा. ठिकाण सुरत घाला, तारीख 22 जुलै 2009, वेळ पहाटेची. त्या दिवशी तिथे सूर्य उगवल्यावर थोड्याच वेळात खग्रास ग्रहण लागलं होतं. प्रत्यक्षात पावसाळी ढगांनी कित्येकांचा हिरमोड केला, पण संगणकावर आकाश निरभ्र असतं. सूर्यावर डोळा रोखून वेळ पुढे सरकवा, चंद्र त्याला पूर्ण झाकेल. मग तारीख-वेळ तीच ठेवून ठिकाण बदलून सांगली करा. तिथे सूर्याची कोर उरते. ईशान विचारेल, का? चंद्राची सावली जमिनीवर एक अरुंद पट्टा आखत जाते आणि सांगली त्या पट्ट्याच्या बाहेर होती, हे तू त्याला टॉर्च आणि लिंबू घेऊन भिंतीवर दाखवू शकशील.

तिसरं स्क्रॅच. अमेरिकेतल्या एमआयटीत मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडले की पडद्यावरचं मांजर तसं वागतं. त्यात ईशानला एक खेळ बनवायला लाव: संगणकानं 1 ते 100 मधली एक संख्या मनात धरायची, आपण ओळखायची, आणि संगणकानं ‘मोठी’ किंवा ‘लहान’ एवढंच सांगायचं. खेळ बनला की त्याला विचार, जास्तीत जास्त किती प्रयत्नांत नक्की ओळखता येईल? तो आधी अंदाजपंचे दाहोदरसे करेल. मग हळूहळू पन्नासपासून सुरुवात करेल, आणि उरलेल्याचं दरवेळी अर्धं करत गेलं की सात प्रयत्न पुरतात हे त्याला सापडेल, कारण सात वेळा दुप्पट केलं की 128 होतात. ते त्यानं स्वतः बनवलेल्या खेळात सापडेल, म्हणून पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा पक्कं बसेल.

एक गोष्ट निक्षून सांगते. तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत असेल तर तिला हे वाचून दाखव. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्येच म्हटलं होतं, आणि घरी बसून रमी खेळण्यात मलाही आनंद आहे. पण ऑनलाइन पैशाच्या खेळांवर, कौशल्याचे असोत की नशिबाचे, ऑगस्ट 2025 मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानं बंदी आणली आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पैसा लावला की हरलेला माणूस कारण शोधत नाही, तो गेलेला पैसा शोधतो, आणि रात्र रात्र शोधत राहतो. त्यात घरं बुडालेली आहेत.

तुझ्यासाठी आणखी एक सुचवते. ब्रिज शीक. हात, हुकूम, भिडू हे सगळं मेंढीकोटनं तुझ्या अंगात मुरलेलंच आहे. नवं आहे ते बोली लावणं आणि एका भिडूची पानं टेबलावर उघडी पडणं. तुझ्या आणि भिडूच्या मिळून हुकमाची आठ पानं असतील, तर उरलेली पाच समोरच्या दोघांत तीन-दोन अशी विभागली जाण्याची शक्यता 68 टक्के, चार-एक 28 टक्के, पाच-शून्य 4 टक्के. हे आकडे कळले की खेळण्याची पद्धतच बदलते. वयाची सबब सांगू नकोस. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष दुहेरीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं, तेव्हा बर्धन साठ वर्षांचे होते. डुप्लिकेट ब्रिजच्या स्पर्धेत सगळ्या टेबलांवर तीच पानं फिरवतात. चांगली पानं आली म्हणून कुणी जिंकत नाही. तीच पानं दुसऱ्यापेक्षा चांगली खेळला म्हणून जिंकतो.

हीच पद्धत तू आणि ईशाननं फ्रीसेलला लावा. क्रमांक देऊन डाव निवडता येतो असा फ्रीसेल मी दोन्ही घरच्या संगणकांवर घालून देते. जूनमध्ये तो परत बंगळुरूला गेला की दर शनिवारी दोघांनी एकाच क्रमांकाचा डाव खेळायचा आणि रविवारी फोनवर बोलायचं: तू पहिली कोणती रांग मोकळी केलीस, मी कुठे अडलो, कोणती चाल मागे घेतली. पानं तीच, त्यामुळे नशिबाला बोल लावायची सोय कुणालाच नाही. ‘जेवलास का, अभ्यास केलास का’ याच्या पुढे जाऊन आजी-नातवाला बोलायला एक खरा विषय मिळेल, आणि त्यातला एक जण तरी दर रविवारी दुसऱ्याकडून काहीतरी शिकेल. पहिल्या शनिवारी क्रमांक 1 पासून सुरू करा. 11982 मात्र वगळा.

माउस घेतलास की कळव, मग फोनवर पुढचं सांगते. काकांना नमस्कार, ईशानला गोड पापा.

तुझी भाची,
सुमेधा